मॅडमचा हुंदका

तौर सर साठ वर्षांचे झाले म्हणून गौरव अंक निघतोय. अंकाचं काम बघणाऱ्या मुलाचा मला फोन आला. मॅडम, तुम्ही सरांच्या हाताखाली बरीच वर्षं काढलीत, एखादी हृद्य आठवण द्या, पानभर पुरे. मी म्हणलं, बाबा, हृद्य माझ्याकडं काही नाही, दुसरं आहे, ते चालेल का. तो हसला. त्याला वाटलं मी मस्करी करतेय. म्हणाला, चालेल की मॅडम, सरांना चेष्टा लई आवडते.

व्हय, आवडते. दुसऱ्याची.

हे त्या अंकात छापून येणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहितेय, कारण फोन ठेवल्यापासून डोकं तापलंय आणि घरात ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. नवरा म्हणतो, सोड ना आता, किती वर्षं झाली. सोडता आलं असतं तर मी कधीच सोडलं असतं. मला काय हौस आहे?

दिगंबर तौर. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. जालना रोडला टाइल्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं आणि तिथं ते पहिल्या दिवसापासून होते. मालक इनामदार साहेब, सभ्य गृहस्थ, कमी बोलणारे. आम्ही कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. शेंद्रा, चितेगाव, आसपास जिथं काम मिळेल तिथलं. कामगारांची हजेरी, मालाची आवक-जावक, वजनकाट्यावरच्या पावत्या. सगळे जुने प्रोग्राम तौर सरांच्या हातून गेलेले. कुठली गोष्ट तशी का केली, हे फक्त त्यांच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. कुणी म्हणलं की सर, हे लिहून ठेवू या का, तर ते हात झटकायचे. "लिहिलेलं कोण वाचतंय? ऐकलेलं राहतं."

आणि मग किस्सा सुरू.

शनिवारी आमचा अर्धा दिवस असायचा. दुपारी खालच्या टपरीवरून चहा यायचा, भजी यायची आणि सगळे मोठ्या टेबलाभोवती जमायचे. आमच्याकडं ह्यालाच ट्रेनिंग म्हणत. नव्या पोरापोरींना प्रोग्राम समजावून सांगायचा तर तौर सर कोड उघडायचेच नाहीत. मनगटावरचं घड्याळ काढायचे, टेबलावर पालथं ठेवायचे आणि उठून चालायला लागायचे. टेबलाभोवती फिरत, कुणाच्या डब्यातली भाजी, कुणाची चटणी, एकेक घास उचलत. विचारायचं नाही. ज्याच्या डब्यात हात घातला त्यानं वर खूश व्हायचं. आवाज कधी चढवायचे, कधी इतका खाली आणायचे की सगळे पुढं वाकायचे. नकला तर अशा करायचे की ज्याला कधी बघितलं नाही तो माणूससुद्धा डोळ्यांसमोर उभा राहायचा.

प्रत्येक किस्स्याची सुरुवात ठरलेली. "माणूस चांगला होता हं." असं म्हणले की समजायचं, ह्या माणसाचं आता काही खरं नाही.

माझ्या पहिल्या शनिवारी त्यांनी कदमचा किस्सा सांगितला. माणूस चांगला होता हं, म्हणाले, आणि जुनी मंडळी आधीच तोंडावर हात ठेवून बसली. कदम हा आमच्याच ऑफिसातला, माझ्या आधी सोडून गेलेला प्रोग्रामर. चितेगावच्या एका कारखान्यासाठी त्यानं रोजच्या उत्पादनाचा हिशोब लिहिला आणि दिवस बदलला मध्यरात्री, कॅलेंडरात बदलतो तसा. पण कारखान्यातली रात्रपाळी मध्यरात्रीच्या आधी लागते आणि सकाळी सुटते. झालं असं की रात्रपाळीचा अर्धा माल कालच्या दिवसात गेला, अर्धा आजच्या. तिथल्या सुपरवायझरला वाटलं, आपला अर्धा माल कुणीतरी चोरतंय. तो पठ्ठ्या म्हणे गोदामाच्या दारात खाट टाकून काठी घेऊन झोपायला लागला. तौर सरांनी आम्हाला तो सुपरवायझर करून दाखवला, त्याचं घोरणं करून दाखवलं, आणि मग कदम. चोर बाहेर नाही, माझ्या प्रोग्राममध्ये आहे, हे सांगायची कदमची हिंमत होईना, म्हणून तो बिचारा रोज त्या खाटेच्या पायथ्याशी बसून सुपरवायझरचे पाय चेपायचा. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

कारखान्याचा दिवस पहिल्या पाळीला सुरू होतो, मध्यरात्री नाही. हे मी त्या दिवशी शिकले आणि कधी विसरले नाही. आजही कुठल्या नव्या कारखान्यात गेले की पहिली पाळी कधी लागते हे आधी विचारते. एवढं मी त्यांचं देणं लागते. ते नाकारता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढं फुलंब्रीला, माझ्या माहेरी, एका लग्नात कदम भेटला. पंगतीत शेजारीच बसला होता. आता बँकेत होता. कुठं नोकरीला म्हणून विचारलं तेव्हा मी ऑफिसचं नाव सांगितलं आणि त्याचा हात पत्रावळीवरच थांबला.

"अजून सांगतात का हो तो खाटेचा?" त्यानं विचारलं.

मी म्हणलं, सांगतात. त्यानं मान हलवली. मग जेवता जेवता त्यानं मला खरं काय झालं ते सांगितलं. दिवस मध्यरात्री बदला, असं कारखान्यानंच सांगितलं होतं आणि त्या बैठकीला तौर सर स्वतः हजर होते, त्यांनीच हो म्हणलं होतं. चूक लगेच दुसऱ्या दिवशी सापडली आणि एका दुपारी दुरुस्त झाली. सुपरवायझर हा साधा, हसतमुख माणूस. गोदाम नाही, काठी नाही.

"खाटच नव्हती हो मॅडम," तो म्हणाला.

किस्सा फक्त ऑफिसात राहिला असता तर कदमनं सोसलं असतं. पण तौर सर क्लायंटकडं गेले की तिथंही सांगायचे. कदम चितेगावला गेला की गेटवरचा वॉचमन विचारायचा, साहेब, खाट आणू का. एका नव्या कारखान्यात तो पहिल्यांदाच पाय ठेवत होता, तर तिथला मॅनेजर त्याचं नाव ऐकून हसायला लागला. तेव्हा कदमनं नोकरी सोडली. हे सगळं त्यानं रागानं सांगितलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. सोमवारी ऑफिसात मी हे सांगितलं. सगळे म्हणाले, असेल बुवा, पण किस्सा भारी आहे. विषय तिथंच मिटला.

आता माझं. हे मी जसं घडलं तसं सांगते, त्यामुळं त्याला फारशी चव नाही.

शेंद्र्याला एक सळयांचा कारखाना आमचा क्लायंट होता. भंगार घेऊन ट्रक यायचे, गेटवरच्या वजनकाट्यावर चढायचे, भरलेल्या गाडीचं वजन व्हायचं, भंगार उतरवून परत जाताना रिकाम्या गाडीचं. काट्याच्या केबिनमध्ये चांदभाई बसायचे, ते बटण दाबायचे आणि आमचा प्रोग्राम काट्यावरचं वजन उचलून पावती छापायचा. तर मधूनच एखाद्या गाडीचं वजन भलतंच लागायचं. रोज नाही, सगळ्या गाड्यांचं नाही. भंगारवाले बोंबलायचे, कारखानावाले आम्हाला शिव्या घालायचे. तौर सर आणि मी, आम्ही दोघं गेलो.

एप्रिल होता. तौर सर केबिनमध्ये पंख्याखाली बसले, चांदभाईंशी गप्पा मारत. मी बाहेर काट्याशेजारी उभी राहिले, कारण आत बसून मला काही कळेना. बाहेर खांबावर वजनाचे लाल आकडे लावलेले असतात, ड्रायव्हरला दिसावेत म्हणून. दुपारभर मी त्या आकड्यांकडं बघत होते. आणि मग एकदा एक भरलेली गाडी उतरली, काटा पूर्ण रिकामा झाला, तरी आकडा हललाच नाही. थोडा वेळ तसाच राहिला आणि मग एकदम बदलला. काट्याची पेटी, म्हणजे वजन मोजून आकडा दाखवणारं यंत्र, जुनी होती. मागच्या गाडीचं वजन ती काही सेकंद धरून ठेवायची. गाड्यांची रांग असली, पुढची गाडी लगेच चढली आणि चांदभाईंनी लगेच बटण दाबलं, की मागच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीच्या पावतीवर. मी प्रोग्राममध्ये एक थांबा घातला. गाडी चढली की काही सेकंद बटण चालणारच नाही, पेटी जागेवर येईपर्यंत. थांबा का आहे, ते दोन ओळींत तिथंच कोडमध्ये लिहून ठेवलं. तक्रारी थांबल्या. बास, एवढंच.

नंतर मी बाळंतपणाच्या रजेवर गेले. परत आले तर ऑफिसात काहीतरी बदललेलं. नवी पोरं माझ्याकडं बघून आपसात हसायची. एकीनं तर मला न विचारता पाण्याचा ग्लास आणून दिला आणि मागं हशा पिकला. मला काही समजेना. शेवटी त्यांच्यातलीच नेहा, नेहा काळे, नवीन लागलेली, स्वभावानं सरळ पोरगी, तिनं सांगितलं. म्हणाली, मॅडम, रागावू नका, तो हुंदक्याचा किस्सा सर सांगतात ना, त्यावरून.

किस्सा असा. माणूस चांगला होता हं, आपल्या गाडेकर मॅडम. शेंद्र्याला गेल्या. मॅनेजर ओरडला. मॅडम काट्यापाशी उभ्या राहून ढसाढसा रडायला लागल्या. चांदभाईंना दया आली. इथं तौर सर चांदभाईंचा आवाज काढायचे, अरे मॅडम, रोते कायकू, चाय पियो. आणि मॅडमचं रडणं आवरेपर्यंत चांदभाई बटण दाबायचं थांबले, तर काय, वजन बरोबर आलं. म्हणून मॅडमनी प्रोग्राममध्ये एक हुंदका घालून ठेवला. गाडी चढली की प्रोग्राम आधी हुंदका देतो, मग वजन घेतो. आणि शेवट असा की खरं तर वायर ढिली होती, ती तौर सरांनी केबिनमध्ये बसल्या बसल्या घट्ट केली, त्या थांब्याची काही गरजच नव्हती. पण मॅडमचं मन राखायला राहू दिला.

मी त्या दिवशी रडले नव्हते. मॅनेजर ओरडला हे खरं, तर मी त्याला उलट ओरडले होते. वायर कुणी घट्ट केली नाही. मी जेव्हा कोड उघडून बघितला तेव्हा माझ्या त्या दोन ओळी गायब होत्या. तिथं रोमन लिपीत लिहिलं होतं, मॅडमचा हुंदका, हात लावू नये, रडतील.

मी तौर सरांच्या टेबलापाशी गेले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. गोड माणूस, ह्यात काही वाद नाही. मी म्हणलं, सर, मी रडले नव्हते. ते म्हणाले, अहो मॅडम, किस्सा आहे तो. मी म्हणलं, मग खरा सांगा. ते म्हणाले, खऱ्यात काय आहे, बाई उन्हात उभी राहिली, आकडा बघितला, घरी आली. कोण ऐकणार? आणि मग माझ्या हातावर थोपटल्यासारखं करून म्हणाले, "तुमचं नाव राहतंय ना प्रोग्राममध्ये? आमचं कुणाचं राहतंय?"

मी इनामदार साहेबांकडं गेले. ते म्हणाले, बेटा, मैं बोलता हूं उनको. ते बोलले असतील. पुढच्या शनिवारी किस्स्यात एक रुमाल वाढला होता.

त्यानंतर मी शनिवारी टेबलाशी बसणं सोडलं. माझ्या जागेवर बसून काम करायचे आणि काचेपलीकडून हशा ऐकू यायचा. कुठला किस्सा चाललाय हे हशावरून कळायचं मला. नवं माणूस आलं की महिन्याभरात तो हुंदका व्हायचाच, कारण शेंद्र्याचं काम त्यातूनच शिकवलं जायचं. ज्यांनी माझे डोळे कधी ओले झालेले बघितले नाहीत, ती माणसं मीटिंगमध्ये माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली. टीमची जबाबदारी द्यायची वेळ आली तेव्हा इनामदार साहेब माझ्याऐवजी दुसऱ्याचं नाव घेऊन बसले, आणि कारण काय, तर क्लायंटनं आवाज चढवला की तुम्हाला त्रास होतो. मी म्हणलं, कुणी सांगितलं? त्यांनाही नक्की आठवत नसावं की हे आपण कुठं ऐकलं. आता मला सांगा, ह्याला चेष्टा म्हणायचं?

मग ते झालं जे होणारच होतं. शेंद्र्याच्या कारखान्यानं तक्रार केली, गेटवर ट्रकांची लई रांग लागते, काट्याचं काम जरा पटापट होईल असं करा. काम नेहाकडं गेलं. मी त्या आठवड्यात दुसऱ्या क्लायंटकडं होते. नेहानं कोड उघडला, तिला तो थांबा दिसला, वर लिहिलेलं दिसलं, आणि तिला सगळा इतिहास आधीच पाठ होता. तिनं थांबा काढून टाकला. काम पटापट व्हायला लागलं. कारखान्यानं कौतुकाचा फोनसुद्धा केला.

आणि पावत्या पुन्हा चुकायला लागल्या. भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीचं वजन, रिकामीला भरलेलीचं. ह्या वेळी कारखान्याला प्रोग्रामवर संशय आलाच नाही, कारण प्रोग्राम इतकी वर्षं नीट चाललेला. संशय आला चांदभाईंवर. भंगारवाल्यांशी संगनमत करून वजनं फिरवतो म्हणून त्यांना घरी बसवलं. मला हे कळलं ते चांदभाईंच्या फोनवरून. तक्रार नव्हती त्यांची. एवढंच म्हणाले, मॅडम, जरा देखो ना, आपका सिस्टम बराबर है क्या. इतक्या वर्षांत त्यांच्या एकाही पावतीत कुणी खोट काढली नव्हती, आणि आता मोहल्ल्यात लोक विचारायले.

इनामदार साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. साहेब, तौर सर, नेहा, मी. मी कोड उघडून दाखवला, थांबा गेलाय म्हणून सांगितलं. साहेबांनी नेहाला विचारलं, का काढला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "पण मॅडम, तो तर तुमचं मन राखायला ठेवलेला होता ना?"

तिनं ते कुचकटपणे म्हणलं नाही. तिला खरंच तसं माहीत होतं. ज्या माणसाकडून सगळ्या ऑफिसनं सगळं शिकायचं त्याच माणसाकडून ती ते शिकली होती.

मग तौर सर हसले. काय हसावं माणसानं अशा वेळी, पण हसले. म्हणाले, अहो, तो किस्सा आहे, किस्सा कुणी असा कोडमध्ये वापरतं का.

माझं तिथं डोकं सटकलं. मी म्हणलं, दुसरं काय आहे आमच्याकडं वापरायला? तुम्ही लिहू देत नाही, लिहिलेलं पुसता, आणि शनिवारी जे सांगता ते पोरं खरं धरून चालतात. एक माणूस आज चोर ठरून घरात बसलाय, आणि ह्या पोरीची नोकरी जायची वेळ आलीय. मी एकदाच नीट ओरडले त्या ऑफिसात, आणि ते असं ओरडले की खालच्या टाइल्सच्या दुकानातला माणूस वर बघायला आला. मी म्हणलं, साहेब, मला दुसरं काही नको. येत्या शनिवारी ह्यांनी हाच किस्सा सगळ्यांपुढं पुन्हा सांगायचा. खरा सांगायचा. मी रडले नाही हे त्यांच्या तोंडून सगळ्यांना कळलं पाहिजे.

साहेबांनी तौर सरांकडं बघितलं. तौर सर म्हणाले, "सांगतो की. त्यात काय."

थांबा त्याच दिवशी परत घातला. साहेब स्वतः शेंद्र्याला गेले, चूक आमची आहे असं कारखान्याला लिहून दिलं, चांदभाईंना घरून गाडीत बसवून कामावर सोडून आले. नेहाची नोकरी राहिली. साहेबांबद्दल माझ्या मनात म्हणून काही वाकडं नाही.

शनिवार आला. मी पुष्कळ दिवसांनी त्या टेबलाशी बसले. तौर सर कसंबसं उरकतील, जड तोंडानं दोन वाक्यं बोलतील, अशी माझी अपेक्षा होती आणि खरं सांगायचं तर मला तेच बघायचं होतं. त्यांची फजिती. साहेबही येऊन बसले. तौर सरांनी घड्याळ काढलं, पालथं ठेवलं. उठले. पण चालायला लागले नाहीत, कुणाच्या डब्यात हात घातला नाही. एका जागी उभे राहिले.

म्हणाले, ह्या किस्स्यातला मूर्ख माणूस मी आहे.

आणि त्यांनी सांगितलं. एप्रिलचं ऊन सांगितलं, काट्याच्या लोखंडी पत्र्यावरून वर येणारी झळ सांगितली. मी केबिनमध्ये पंख्याखाली बसलो होतो, म्हणाले, आणि ही बाई बाहेर उभी होती. मी ओढणी ड्रमातल्या पाण्यात भिजवून डोक्यावर घेतली होती, ते सांगितलं. हे मी स्वतः विसरले होते. मॅनेजर ओरडल्यावर मी त्याला काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगितलं. एका ड्रायव्हरला मी हात जोडून गाडी मागं घ्यायला आणि पुन्हा चढवायला लावली होती, तो ड्रायव्हर वैतागून काय बोलला तेही. मग मी केबिनच्या खिडकीपाशी येऊन काच वाजवली होती. तौर सरांनी माझा आवाज काढला. माझाच, जसाच्या तसा, माझ्या आईनं ऐकला असता तर वळून बघितलं असतं.

"तौर सर, काटा रिकामा आहे आणि आकडा भरलेला आहे. बाहेर या."

मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, मी बाहेर आलो नाही. मी म्हणलं, मॅडम, चहा घ्या आधी.

पेटी मागचं वजन का धरून ठेवते, थांबा कशासाठी आहे, तो काढला तर काय होतं, चांदभाईंचं काय झालं, सगळं त्यात आलं. एकही माणूस आता तो थांबा जन्मात काढणार नाही. नेहा रडत होती. किस्सा संपला आणि टाळ्या वाजल्या. त्या ऑफिसात शनिवारी हशा व्हायचा, टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या. साहेब उठले आणि त्यांनी तौर सरांना मिठी मारली. बडा दिल चाहिए इसके लिए, म्हणाले. पोरं सरांभोवती गोळा झाली. एवढ्या मोठ्या माणसानं सगळ्यांपुढं कमीपणा घेतला, ह्याचं सगळ्यांना भरून आलं होतं. माझ्याकडं कुणी आलं नाही.

मी बसून राहिले.

इतकी वर्षं मी मनाची एक समजूत घालून ठेवली होती. किस्सेवाल्या माणसाचं असं होतं, मी म्हणायचे, सांगता सांगता भर पडत जाते, खरं काय होतं ते त्याचं त्यालाच आठवत नाही. वय वाढतं, गोंधळ होतो. ह्या एका समजुतीवर मी त्या माणसाच्या समोर रोज सकाळी नमस्कार म्हणू शकत होते. आणि आता कळलं की त्यांना सगळं आठवत होतं. ओढणीसकट. मी काच वाजवली ती आठवत होती, मी काय बोलले ते आठवत होतं, आपण उठून बाहेर आलो नाही हेही आठवत होतं. ते सगळं जवळ धड ठेवून हा माणूस दर नव्या माणसापुढं मला रडवत होता, कारण रडवलं की लोक हसायचे.

त्या दिवशी मला त्यांचा जितका तिरस्कार वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. खोट्यानं मी नुसती चिडले होते. खऱ्यानं मला आतून पेटवलं. मी राजीनामा टाइप केला, साहेबांच्या टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि जिना उतरले.

खाली पार्किंगमध्ये तौर सर स्कूटरपाशी उभे होते. हातात हेल्मेट. माझीच वाट बघत होते, मला बघितल्यावर दोन पावलं पुढं आले. बाकी माणसं वरच होती, खाली आम्ही दोघंच. मला वाटलं, आता माफी मागतील. खोटं कशाला बोलू, मी थांबले. त्यांनी मागितली असती तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक, बहुतेक दिली असती.

त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"कसा झाला?" ते म्हणाले.

मला कळेचना ते कशाबद्दल बोलतायत.

"किस्सा हो, मॅडम. कसा झाला? पहिल्यापेक्षा भारी झाला की नाही?"

मी गाडीची किल्ली लावली. गाडी वळवून गेटबाहेर काढेपर्यंत ते तिथंच उभे होते, हेल्मेट हातात धरून, मी काहीतरी म्हणेन म्हणून.